शिक्षण परिषदेतील पहिला अर्धा तास

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असावयाचे असतात. अशा द्विशिक्षकी शाळेत एक जण रजेवर गेला की दुसरा दिवसभर एकटाच असतो. अध्यापनात काही अडले तर त्याने विचारावयाचे कोणास? केंद्रातील शिक्षकांनी शिक्षण परिषदेत एकत्र जमावयाचे, ते याचसाठी. परंतु पुष्कळ ठिकाणी हा वेळ सूचना वाचण्यात व तक्ते भरण्यात निघून जातो. शेजारच्या गावचा शिक्षक शेजारी बसून तसाच उठून जातो. त्याची अडचण त्याच्यापाशीच राहते आणि तिची झळ अखेर मुलास लागते.

एक उदाहरण घेऊ. तिसरीतील मूल ४२ – १७ चे उत्तर ३५ लिहिते. ते निष्काळजी नसते. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असा नियम त्याने मनाशी बांधलेला असतो. हे चारचौघांत सांगावयास शिक्षक कचरतो, कारण वर्ग कच्चा असल्याचा शेरा बसेल अशी त्यास धास्ती वाटते. तेच त्याने मोकळेपणाने सांगितले, तर एखादी अनुभवी शिक्षिका दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या व दोन सुट्या काड्या मांडील आणि एक जुडी सोडून दाखवील. बारा सुट्यांतून सात काढल्या, पाच उरल्या, तीन जुड्यांतून एक काढली, दोन उरल्या, उत्तर २५. काम पाच मिनिटांचे. पण त्याआधी परस्परांवर विश्वास हवा. हा विश्वास भाषणाने येत नाही, नित्याच्या रीतीने येतो.

ती रीत अशी असावी :

१. सूचना व तक्ते शाळांकडे आधीच पाठवावेत. सभेत केवळ शंकांचे निरसन करावे.

२. प्रारंभीच्या अर्ध्या तासात पाच-सहा जणांचे गट करून गोलाकार बसावे. केंद्रप्रमुखांनीही एका गटात बसावे.

३. प्रत्येकाने वर्गात जमलेली एक व अडलेली एक गोष्ट सांगावी. नवीन शिक्षकांस आधी संधी द्यावी. ज्येष्ठांनी शेवटी बोलावे.

४. येथे सांगितलेली अडचण तपासणीच्या शेऱ्यात येऊ नये. हा नियम आम्हां अधिकाऱ्यांनीच प्रथम पाळावयाचा आहे.

५. अडचणीपुढे साहाय्य करणाऱ्याचे नाव वहीत लिहावे. पुढील परिषदेचा आरंभ त्याच नोंदीच्या वाचनाने करावा.

अशाने गप्पांत वेळ जाईल, अशी शंका कोणी घेतील. पाचव्या कलमातील वही हेच तिचे उत्तर होय. नोंद असली म्हणजे बोलण्यास दिशा राहते, आणि दिलेला शब्द पाळला गेला म्हणजे स्नेह वाढतो.

स्वाध्याय : पुढील परिषदेस येताना आपल्या वर्गातील वारंवार होणाऱ्या एका चुकीचा नमुना मुलाच्या हस्ताक्षरात आणावा. मुलाचे नाव झाकावे. आपले मात्र झाकू नये.