कर्करुग्णास समदुःखी साथी : चिकित्सेतील एक उपेक्षित अंग

प्रास्ताविक

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात दोनदा येतो. पहिल्यांदा तो मुंबईस जाण्यापूर्वी येतो. हाती तपासणीचे कागद असतात आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो. दुसऱ्यांदा तो शस्त्रकर्म, किमो, शेक हे सर्व आटोपून येतो. तेव्हा भूक नसते, झोप नसते, तोंडास चव नसते. या दोन्ही वेळी आपण औषधयोजना करतो, पथ्य सांगतो, धीर देतो. तरीही या रुग्णाची एक गरज आपल्या औषधाने वा उपदेशाने भागत नाही, असे माझ्या वीस वर्षांहून अधिक काळच्या व्यवसायात मला आढळले आहे. ती गरज कोणती आणि ती भागविण्यात वैद्याचे व औषधविक्रेत्याचे कार्य कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय मला सुचला तो माझ्याच एका चुकीमुळे. ती प्रथम सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाच्या दोन भगिनी माझ्याकडे उपचारोत्तर बलप्राप्तीसाठी येत असत. दोघींचेही शस्त्रकर्म मुंबईस झालेले होते. दोघींनीही ही गोष्ट नातलगांत व शेजारात लपवून ठेवली होती आणि दोघीही गर्दी ओसरल्यावरच येत. त्या एकाच गल्लीत राहणाऱ्या होत्या. हे मला ठाऊक होते. त्यांना ठाऊक नव्हते. पुढे एकीचा आजार पुन्हा बळावला व ती गेली. दहाव्यानंतर दुसरी आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तिलाही हेच होते, हे मला ती गेल्यावर कळले. दोन वर्षे आम्ही एकाच नळावर पाणी भरले. तुम्हांला तर ठाऊक होते ना?" मी गोपनीयतेचे कारण दिले. ते खोटे नव्हते, परंतु पुरेसेही नव्हते.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले असून प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. वैद्याच्या व द्रव्याच्या गुणांची चर्चा आपण नेहमी करतो. रोग्याच्या गुणांकडे मात्र ते जणू जन्मतःच असतात वा नसतात अशा दृष्टीने पाहतो. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व व ज्ञापकत्व हे ते चार गुण होत. यांपैकी अभीरुत्व म्हणजे न भिणे आणि ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे. कर्करोगात नेमके हेच दोन गुण प्रथम लोपतात. रुग्ण भितो, म्हणून सांगत नाही; सांगत नाही, म्हणून भय वाढते. हे गुण रुग्णात पुन्हा उत्पन्न करता येतात, आणि ते काम सर्वांत सहज करणारी व्यक्ती म्हणजे त्याच वाटेने आधी गेलेला दुसरा रुग्ण, असे माझे प्रतिपादन आहे.

सूत्रस्थानाच्याच अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय चिकित्सा सांगितली आहे. पंचविसाव्या अध्यायातील अग्र्य भावांच्या गणनेत रोग वाढविणाऱ्या कारणांत विषादास अग्रस्थान दिले आहे. पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगताना औषधे व उपकरणे यांच्यासोबत गाणारे, कथा सांगणारे आणि रुग्णास प्रिय असे सोबती यांचाही संग्रह करण्यास सांगितले आहे. सोबत ही चिकित्सेची सामग्री आहे, ही दृष्टी आपल्या शास्त्रास नवी नाही.

आधुनिक अनुभव काय सांगतो?

या विषयाचा संघटित आरंभ परदेशात झाला. न्यूयॉर्क येथे टेरेस लॅसर या महिलेने स्वतःच्या स्तनाच्या शस्त्रकर्मानंतर, १९५२ मध्ये, तसेच शस्त्रकर्म झालेल्या अन्य स्त्रियांना भेटण्यास सुरुवात केली. तिचा हा उपक्रम १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने स्वीकारला आणि तो पुढे अनेक देशांत पसरला. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णांची आंतरराष्ट्रीय संघटनाही १९५२ मध्येच स्थापन झाली. अन्ननलिकेतून आवाज काढून बोलण्याची कला असे रुग्ण एकमेकांस शिकवीत.

आपल्याकडे मुंबईस १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी व १९६९ मध्ये कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या संस्था निघाल्या. १९९४ मध्ये श्रीमती वंदना गुप्ता यांनी स्वतः लसीकाग्रंथींच्या कर्करोगातून बरे झाल्यावर व्ही केअर फाउंडेशन स्थापन केले. तेथे या आजारातून गेलेले लोक स्वयंसेवक म्हणून नव्या रुग्णांशी बोलतात.

अशा सोबतीने आयुष्य वाढते काय? हा प्रश्न रुग्ण विचारतातच, म्हणून त्याचे उत्तर वैद्यास ठाऊक असावे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल व सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्यास गटात भेटणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने, तर इतर १८.९ महिने जगल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याने जगभर मोठी आशा निर्माण केली. परंतु २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही. २००७ मध्ये स्पीगेल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासातही एकंदरीने तो लाभ आढळला नाही. कॅनडातील अभ्यासात मात्र गटात येणाऱ्या स्त्रियांचे मानसिक क्लेश व वेदनेची जाणीव कमी झाली, आणि ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या त्यांना अधिक लाभ झाला. म्हणून रुग्णास आपण एवढेच म्हणावे : या सोबतीने दिवस वाढतील असे नाही, पण आहेत ते दिवस सुसह्य होतील. याहून अधिक आश्वासन देणे ही फसवणूक होय.

खानदेशातील वस्तुस्थिती

धुळ्याहून मुंबई तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्याकडे कर्करोगाच्या मोठ्या उपचारासाठी "टाटाला नेले" असेच म्हणतात, मग रुग्णालय कोणतेही असो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे जिल्हा होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे खर्चाची चिंता पुष्कळ हलकी झाली, एकटेपणाची नाही.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मुंबईत हा रुग्ण तितका एकटा नसतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात महाराष्ट्रभरचे रुग्ण व नातलग एकत्र राहतात. शेजारच्या खाटेवरचा माणूसच तेथे सांगतो की कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, शेक चालू असताना काय गिळता येते, केस गळू लागले की काय करावे. कोणी बैठक भरवीत नाही, तरी सोबत मिळते.

खरा एकांत सुरू होतो तो परत आल्यावर. उपचार संपले म्हणजे आजार संपला, असे घरच्यांना वाटते. पाहुणे येणे थांबते. रुग्णाच्या मनात मात्र पुढील तपासणीची तारीख असते, प्रत्येक ठणक्यास तो भितो आणि ते कोणास सांगता येत नाही. शिंदखेडा तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थास तोंडाच्या शस्त्रकर्मानंतर मी बराच वेळ धीर देत होतो. त्यांनी ऐकून घेतले व शांतपणे म्हटले, "तुमनं सांगनं खरं शे, पन तुमले थोडंच हुयेल शे?" या वाक्यास माझ्याकडे उत्तर नव्हते.

सार्वजनिक जीवनातील उदाहरणे येथे थोडी उपयोगी पडतात. श्री. शरद पवार यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. त्यानंतर ते तंबाखू व सुपारीविषयी जाहीरपणे बोलत आले आहेत. तंबाखू सुटत नसलेल्या रुग्णास हे उदाहरण हलविते. परंतु मोठ्या माणसाचे उदाहरण दुरून दिसते. तोंड उघडत नसता भाकरी कशी खावी, हे आपल्याच गावचा माणूस सांगू शकतो.

साथी जोडून देण्याची पद्धती

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर मी पुढील क्रम ठेवला आहे.

१) संमती. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरची गोष्ट बाहेर न सांगण्याचा नियम आहे. तो मोडावयाचा नाही. म्हणून दोघांस स्वतंत्रपणे, नाव न सांगता विचारावे : "आपल्यासारख्याच एका रुग्णास भेटण्याची आपली इच्छा आहे काय?" दोन्हीकडून होकार आल्यावरच नाव सांगावे. नकार आल्यास तीन-चार महिन्यांनी एकदा पुन्हा विचारावे. आग्रह धरू नये.

२) निवड. साथी होणाऱ्याचे उपचार पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेले असावे व प्रकृती स्थिर असावी. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणारा निवडावा. रोगाचा अवयव, लिंग व शक्यतो बोली समान असावी. स्त्रीरुग्णास स्त्रीच साथी द्यावी.

३) भेट. पहिली भेट चिकित्सालयात, गर्दी नसताना व्हावी. वैद्याने ओळख करून द्यावी आणि उठून जावे. आपण बसून राहिलो तर दोघेही आपल्याकडे पाहून बोलतात. दोन-तीन जोड्या रुळल्यावर महिन्यातून एकदा एकत्र बसण्यास हरकत नाही.

४) विषय. दैनंदिन गोष्टी बोलाव्यात : जबडा आखडू नये म्हणून करावयाचा व्यायाम, शस्त्रकर्माच्या बाजूच्या हातास येणारी सूज, पोलक्यात शिवून घ्यावयाची कापसाची गादी, पोटावरील पिशवीची स्वच्छता, रेल्वेभाड्यातील सवलतीसाठी लागणारे रुग्णालयाचे प्रमाणपत्र. मुलीच्या लग्नाच्या वेळी आजार सांगावा की नाही, हाही विषय निघतो आणि तो निघू द्यावा.

५) वर्ज्य विषय. एकाचे औषध दुसऱ्यास सुचवू नये, डॉक्टरांची तुलना करू नये, किती दिवस उरले याचा अंदाज बांधू नये. साथीने "मला असे झाले" म्हणावे. "तुलाही असेच होईल" म्हणू नये.

औषधविक्रेत्यांचे कार्य

वैद्यापेक्षाही औषधविक्रेता या कुटुंबास अधिक वेळा भेटतो. मलमपट्टीचे सामान, पिशव्या, तोंडातील व्रणांची औषधे कोण नेतो हे त्यास कळते. त्याने मोठ्याने विचारपूस न करता, "वैद्यांकडे अशा रुग्णांची भेट होऊ शकते" एवढे हलक्या आवाजात सांगितले तरी पुष्कळ झाले. मानसिक व्यथेसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दुकानात लावून ठेवावा; त्यावर मराठीतून बोलता येते.

सावधगिरी

ज्या वाटेने धीर पोहोचतो त्याच वाटेने अफवाही पोहोचते. "अमक्या गावी मुळी देतात, किमोची गरज नाही" हे वाक्य समदुःखी माणसाच्या तोंडून आले की त्याचे वजन वाढते. असे ऐकून उपचार अर्धवट सोडलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. म्हणून अशा भेटीत आपले स्वतःचे औषधही विकावयाचे नाही, हा दंडक मी पाळतो. कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध आहे. रुग्णांची बैठक ही तिची पळवाट होता कामा नये. रुग्ण आपली औषधे घेत असल्यास, विशेषतः किमो चालू असताना, ते त्याच्या कर्करोगतज्ज्ञास सांगितलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. जोडलेल्या दोघांपैकी एक कधी तरी जाईल. त्या वेळी मागे राहिलेल्यास वैद्याने स्वतः जाऊन ही बातमी सांगावी, ती बाजारात कळू देऊ नये. आणि पुढे काही काळ त्यास नवा रुग्ण सोपवू नये. जो साथी स्वतःच झोप व अन्न सोडून बसला आहे, त्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

समारोप

गल्लीतील त्या दुसऱ्या भगिनीस मी नंतर क्षमा मागितली. काही महिन्यांनी साक्रीकडील एक तरुण स्त्री शस्त्रकर्मापूर्वी अतिशय घाबरून आली, तेव्हा संमती घेऊन तिची यांच्याशी भेट करून दिली. आत काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. बाहेर येताना त्या तरुणीने मला एकही प्रश्न विचारला नाही. मुंबईस जाण्याची तारीख मात्र सांगितली. औषधाच्या चिठ्ठीवर मी त्या दिवशी काहीच लिहिले नव्हते.

आपल्या नोंदवहीत अशी दोन नावे शेजारी-शेजारी असतील. वाचक वैद्यांनी ती एकदा शोधावीत आणि दोघांस स्वतंत्रपणे विचारावे, एवढीच विनंती.