भिजलेली छायाचित्रे

गेल्या श्रावणात एके सकाळी आठव्या इयत्तेतील एक मुलगी प्रार्थनेपूर्वीच आमच्यापाशी आली. तिच्या हातात झाकणाचा डबा होता आणि डब्यात पाण्यासह ओल्या छायाचित्रांचा एकच घट्ट गठ्ठा. रात्री घरावरची कवेलू सरकली होती (येथे सरदारपुरात कौलांना कवेलू म्हणतात) आणि पेटीतील डब्यात पाणी साचले होते. घरची मंडळी तो गठ्ठा चुलीपाशी वाळवावयास निघाली होती. मुलीने "आधी गुरुजींना दाखवते" म्हणून डबा तसाच उचलून आणला. याहून योग्य गोष्ट एखाद्या जाणत्यालाही सुचली नसती.

हे असे का, ते प्रथम पाहू. साध्या कृष्णधवल छायाचित्रात कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो व त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी व हाडे शिजवून काढलेला एक प्रकारचा सरसच. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने १८७१ मध्ये त्याचा छायाचित्रणासाठी उपयोग सुचविला. सरस पाण्यात फुगतो, मऊ होतो आणि वाळताना जे शेजारी असेल त्याला चिकटतो. दोन छायाचित्रे ओली असताना पुष्कळदा सहज सुटतात. एकमेकांवर वाळली, तर ओढताना एकाचे चित्र दुसऱ्याच्या पाठीवर जाते. रंगीत छायाचित्रात रंगांचे तीन थर एकावर एक असतात. वरचा निळसर, मधला किरमिजी, तळचा पिवळा. पाणी व जिवाणू वरून खात येतात, म्हणून भिजलेल्या रंगीत चित्राच्या कडा आधी तांबूस, मग पिवळ्या व शेवटी पांढऱ्या पडतात.

हे आम्हांस पुस्तकातून कळण्याआधी एका चुकीतून कळले. आमचे मूळ घर कोकणात. घरची भाषा कोकणी. मराठीत जो शब्द पूजेपुरता उरला आहे, तो 'उदक' हा शब्द आम्ही रोजच्या पाण्यासाठी वापरतो, आणि पावसाळ्यात तर घरात उदकावाचून दुसरा विषयच नसतो. अशाच एका पावसाळ्यात भिंतीवरची आजीची तसबीर भिजली. आजीचे तेवढे एकच छायाचित्र होते. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो व स्वतःस शहाणे समजत होतो. तसबीर दोन दिवस उन्हात ठेवली आणि नंतर काच उचलली. आजीचा चेहरा काचेबरोबर वर आला. खाली लुगड्याचा काठ व खुर्चीचा हात एवढेच राहिले. आज कोणी अशी तसबीर आणली, तर ती ओली असल्यास काच खाली ठेवून काचेसह थंड पाण्यात सोडावी व चित्र आपोआप सुटू द्यावे, असे आम्ही सांगतो. वाळून चिकटलेली असेल, तर काचेला हातच लावू नये. काचेतूनच तिचे नवे छायाचित्र काढून घ्यावे.

आता त्या गठ्ठ्याकडे वळू. प्रयोगशाळेतील तीन पसरट तबके घेऊन त्यांत गार पाणी भरले. कोमट पाणी मुळीच नको, कारण ऊब लागली की सरस विरघळू लागतो. पहिल्या तबकात गठ्ठा बुडवून ठेवला व अर्ध्या तासाने कडा धरून वरचे छायाचित्र हळूच सरकवून पाहिले. सुटले तर सुटले, न सुटले तर पुन्हा बुडविले. चित्राच्या बाजूस बोट, कापूस वा फडके लावावयाचे नाही, पाणीच हलवावयाचे. आमची माळव्याची काळी माती फार चिकट. तिच्यासाठी पाणी चार वेळा बदलावे लागले. कूपनलिकेच्या पाण्याने पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचे तबक गाळलेल्या पाण्याचे ठेवले.

एक गोष्ट धुण्याआधी करावयास हवी होती, ती दुसऱ्या छायाचित्राच्या वेळी ध्यानात आली. पाठीवर शाईने लिहिलेली नावे पाण्यात पसरू लागली होती. मग प्रत्येक पाठ आधी मोबाइलवर टिपून घेतली. कोण मामा, कोण आत्या हे मुलगी सांगत गेली व एक वर्गबंधू वहीत उतरवीत गेला.

वाळवण्यासाठी बाकांवर टीपकागद व धुतलेली सुती धोतरे पसरली आणि छायाचित्रे चित्र वर करून सुटी सुटी मांडली. वर्तमानपत्र घेऊ नये, त्याची शाई उठते. ऊन, इस्तरी व केस वाळविण्याचे यंत्र ही तिन्ही वर्ज्य. पंखा चालेल, पण त्याचा झोत अंगावर नको. वाळताना कागद वळतो, त्याने घाबरू नये. पूर्ण सुकल्यावर टीपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकांखाली काही दिवस ठेवला की सरळ होतो.

सर्वच छायाचित्रांस हा उपाय लागू नाही. शाईच्या फवाऱ्याने छापलेली चित्रे व हाताने रंगविलेली जुनी चित्रे धुऊ नयेत, नुसती वाऱ्यावर सुकवावीत. लाला दीनदयाळांनी १८७०–८० च्या दशकांत इंदुरास राहून जी छायाचित्रे काढली, तशी अंड्याच्या पांढऱ्या भागाची पातळ चित्रे कोणाच्या वाड्यात असली, तर ती जाणकार संवर्धकाकडेच न्यावीत. पुराचे पाणी असल्यास हातमोजे व तोंडावर फडके हवे, कारण त्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते.

वेळ मात्र थोडा असतो. दमट हवेत साधारण ४८ तासांत बुरशी धरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात, माणसे व धान्य सोडून छायाचित्रांकडे पाहावयास कोणास सवड असणार? अशा वेळी शीतकपाट चालू असेल, तर ओली छायाचित्रे मेणकागद मध्ये घालून पिशवीत बांधावी व बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. तेथे बुरशी व चिकटणे दोन्ही थांबते. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधील यामामोतो गावी स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेली सुमारे ७,५०,००० छायाचित्रे महिनोन्महिने धुतली. त्यांत पुष्कळांचे धनी हयातही नव्हते.

आमच्या गठ्ठ्यात २३ छायाचित्रे होती. १६ चांगली निघाली, चारांवर डाग राहिले. उरलेली तीन काही केल्या सुटेनात. शाळा सुटली, अंधार झाला, तेव्हा ती तशीच पिशवीत घालून आमच्या घरच्या शीतकपाटात ठेवली. त्यांतील एक मुलीच्या आजोबांचे असल्याचे तिची आई सांगत होती.

नाताळच्या सुटीत ती पुडी गार पाण्यात उतरविली. दोन छायाचित्रे तासाभरात अलग झाली. आजोबा त्यांत नव्हते. तिसरे आपल्या पाठीवरच्या पुठ्ठ्याला घट्ट बसले आहे. त्याचे टोक उचलताना थर ताणला जात असल्याचे दिसले, तेव्हा आम्ही हात आवरला. ते पुन्हा बर्फात ठेवले आहे.