पानांआड गाणारा शामा

आजच्या स्वाध्यायाचा विषय एक पक्षी आहे.

दयाळ आपण बहुतेकांनी ऐकला आहे. झाशीच्या सीपरी बाजारासारख्या गजबजलेल्या वस्तीतही चैत्र-वैशाखात पहाटे तो गच्चीच्या कठड्यावर उघड बसून गातो. शामा हा त्याचा जवळचा नातलग, पण स्वभावाने अगदी उलटा. सह्याद्री, कोकण आणि गोव्याच्या दाट जंगलात, बांबूच्या बेटांत, जमिनीलगतच्या झुडपांत तो राहतो. नर वरून काळा चकचकीत, पोट तांबूस, शेपटी लांब, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. अनेकदा तो डाग दिसतो आणि पक्षी नाहीसा होतो! पालापाचोळ्यातले किडे हे त्याचे मुख्य अन्न. गातो विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे आपल्या संध्येच्या वेळी. समोर श्रोता असावा अशी त्याची अपेक्षाच नसते. चार लोकांनी पाहिल्याशिवाय ज्यांचा जप पुरा होत नाही, अशा आपल्यासारख्यांनी हे जरा मनावर घ्यावे.

मात्र हा गोड गळाच त्याच्या जिवावर उठला. १८८९ मध्ये जर्मनीत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर शामाचा आवाज टिपला. पक्ष्याच्या गाण्याचे ते पहिले ज्ञात ध्वनिमुद्रण मानले जाते. तो शामा पिंजऱ्यातला होता. आग्नेय आशियात आजही गाण्यासाठी हे पक्षी इतके पकडले जातात की २०२२ मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे वा विकणे गुन्हा आहे. पुण्य म्हणून पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडणारेही नकळत पारध्याचाच धंदा चालवतात, कारण रिकामा झालेला पिंजरा तो पुन्हा भरतो.

दुसरा धोका आपल्या हातून होतो. देवराईत किंवा आश्रमाच्या आवारात श्रमदान करताना आपण झुडपे तोडतो, पाचोळा पेटवतो आणि त्याला स्वच्छता म्हणतो. मोठी झाडे उभी राहतात, पण त्यांच्याखाली किडे उरत नाहीत आणि आडोसाही उरत नाही. शामाला वरच्या फांद्यांपेक्षा हा खालचा मजला हवा असतो.

तेव्हा पुढच्या श्रमदानात पायवाट आणि यज्ञस्थळ तेवढे झाडावे. बाकीचा पाचोळा जिथे पडला तिथेच राहू द्यावा.