कापूस घरात असताना आगीतून सुटकेची आखणी

विदर्भ-मराठवाड्यात, तसेच आदिलाबाद व खरगोनच्या कापूसपट्ट्यात, वेचलेला कापूस भाव वधारेपर्यंत पुष्कळदा राहत्या घरातच साठविला जातो. ऑक्टोबरनंतर कित्येक महिने एखादी खोली छतापर्यंत भरलेली असते आणि परसदाराची वाटही त्याच ढिगाने अडते. उन्हाळ्यात दोन दारांचे असलेले घर हिवाळ्यात एका दाराचे होते. म्हणून सुटकेची आखणी पहिल्या वेचणीपूर्वीच व्हावी.

कापसाची आग फसवी असते. ठिणगी ढिगात शिरली की ज्वाळा न दिसता ती आत धुमसत राहते. वरून पाणी मारून विझल्यासारखा वाटणारा ढीग दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटू शकतो. धुमसण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो, त्यामुळे झोपलेला माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो. हंगामाची कमाई जळत असताना ती सोडून बाहेर पडणे सोपे नाही. नेमके म्हणूनच ते आधी ठरलेले असावे.

कुटुंबासह बसून घराचा साधा नकाशा काढावा. झोपण्याच्या प्रत्येक जागेपासून बाहेर पडण्याच्या दोन वाटा हव्यात. पक्के गज असलेली खिडकी ही वाट नव्हे. निदान एका खिडकीचे गज आतून उघडतील असे बसवून घ्यावेत. चोरीच्या भीतीने दाराला आतून कुलूप लावण्याची रीत आहे. त्याऐवजी भक्कम अडसर बरा, कारण अंधारात किल्ली सापडत नाही. आजीला कोण धरील, तान्ह्याला कोण उचलील, हे नावानिशी ठरवावे. धूर वर चढतो, म्हणून रांगत निघावे. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे. तापलेले असल्यास दुसरी वाट धरावी. अंगणापलीकडच्या ठरलेल्या झाडाखाली जमून माणसे मोजावीत, १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि कोणत्याही कारणाने पुन्हा आत शिरू नये. गोठा घराला लागून असल्यास जनावरांची दावी एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधावीत. मात्र माणसांची मोजणी आधी.

विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व सभेत हा विषय घ्यावा आणि निदान एका घरी रात्री दिवे मालवून सराव करून दाखवावा. दिवसाचा सराव आमच्या मते अपुरा आहे. लहान मुलाचा हात अडसरापर्यंत पोचतो की नाही, हे अंधारातच कळते.