कागदी पिशवी : काय भरायचं, काय नाही आणि भाव कसा काढायचा



आजचा पाठ माझ्याच चुकीपासून सुरू करते. मागे एका गटाला मी रद्दी पेपरच्या पिशव्या शिकवल्या. तायांनी दोन दिवसांत ढीग लावला आणि वडापावच्या गाडीवर नेऊन दिल्या. तिसऱ्या दिवशी एक मावशी वडा घेऊनच बैठकीला आल्या. म्हणाल्या, "ताई, हे बघा, बातमी वड्यावर छापली!" गरम तेलाने शाई वड्याला लागली होती. छपाईची शाई पोटात जाणं घातक आहे, म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांत खाण्याचे पदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं.

प्लास्टिक तर सोडायचंच आहे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तरी बाजारच्या दिवशी पिशव्या घरात येतातच. त्या गटारात तुंबतात, गाईच्या पोटात जातात, नाहीतर आपण चूल पेटवायला घेतो. तो विषारी धूर आपल्याच छातीत जातो.

कशाला कोणती पिशवी?

• रद्दी पेपर : बांगड्या, वह्या-पेन, कटलरी, पाकीटबंद औषधं.
• कोरा खाकी कागद : धान्य, डाळी, शेंगा असा कोरडा माल.
• पापड, मसाला : साध्या कागदात ओल धरतात. ओळखीच्या गिऱ्हाइकाला स्वतःचा डबा आणायला सांगा.
• भाजी, किराणा : घरची कापडी पिशवीच उत्तम, ती वर्षानुवर्षं टिकते.

करताना लक्षात ठेवा

मैद्याची खळ पातळ नको. धान्याच्या पिशवीच्या खळीत मोरचूद घालू नका, ते विष आहे. तळाला कागदाची जादा पट्टी चिकटवा, कारण पिशवी तळातूनच फाटते. सावलीत पूर्ण वाळल्यावरच गठ्ठा बांधा, नाहीतर बुरशी येते.

आता हिशोब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. १०० पिशव्यांना कागद ६० रुपये, खळ १० रुपये. वेळ ३ तास, तासाला ४० प्रमाणे मजुरी १२० रुपये. एकूण १९० रुपये, म्हणजे एक पिशवी १ रुपया ९० पैशांना पडली. ती आपण १ रुपयाला विकली तर कागद-खळ वजा जाता हातात ३० रुपये उरतात. तीन तासांचे तीस! "घरीच तर बसून केलं" असं म्हणून आपली मजुरी सोडू नका. शेतात कुणी फुकट राबतं का?

दुकानदार म्हणेल, प्लास्टिक स्वस्त पडतं. पडतंच. म्हणून सगळ्या बाजाराच्या मागे लागू नका. मेडिकल, बांगड्यांचं दुकान, साडीचं दुकान अशा दोन-तीन जणांना आधी विचारा. माप ठरवा, ऑर्डर घ्या, मगच कागद आणा.

पुढच्या बैठकीचं काम

१. आठवडाभर घरात आलेल्या प्लास्टिक पिशव्या मोजून आणा.
२. त्यातल्या किती कापडी पिशवीने टळल्या असत्या ते सांगा.
३. एका दुकानदाराला विचारून पिशवीचं माप आणि भाव वहीत लिहून आणा.

वही बघायला मी येतेच. आणि हो, माझं काही चुकलं तर त्या मावशींसारखं तोंडावर सांगा.