तुसाची वीज आणि विजेचा हिशेब

धंदा काढण्याचीही परीक्षा असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पण अशी परीक्षा आहे, आणि ती विद्यापीठांत होते. तिला धंद्याच्या योजनेची स्पर्धा म्हणतात. तिच्यात प्रश्नपत्रिका नसते. तीन-चार विद्यार्थ्यांनी एकत्र यायचे, आपण कोणता धंदा काढणार ते कागदावर मांडायचे, आणि परीक्षकांपुढे उभे राहून त्याचा जाब द्यायचा. परीक्षक म्हणजे नुसते प्राध्यापक नव्हेत. व्यापारी, कारखानदार, नव्या धंद्यात पैसा घालणारे लोक असे सगळे तेथे बसतात. जाब विचारण्यात ही मंडळी मोठी कडक, बरं का!

ही चाल अमेरिकेतली. वकिलीचे विद्यार्थी लुटुपुटीचा खटला उभा करून न्यायालयात बोलण्याचा सराव करतात. टेक्सास विद्यापीठात व्यापार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हटले, आपणही तसे का करू नये? त्यांनी १९८४ साली ऑस्टिन शहरात अशी स्पर्धा सुरू केली. पुढे ती चाल देशोदेशी पसरली. आपल्या मुंबईलाही पवईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी ‘युरेका’ नावाची स्पर्धा भरवतात.

आम्ही येथे एकाच योजनेची हकीकत सांगतो. परीक्षक काय पाहतात, ते तिच्यावरून कळेल.

बिहारमध्ये पश्चिम चंपारण जिल्हा आहे. गांधीजींनी १९१७ साली निळीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला, तोच हा चंपारण. तेथे भात उदंड पिकते. पण २००७ साली तेथल्या कित्येक गावांत विजेची तार पोचली नव्हती. दिवस मावळला की घासलेटची चिमणी. ज्ञानेश पांडे हे याच भागातले. ते पुढे अमेरिकेत शिकले आणि तेथेच इंजिनियर म्हणून काम करू लागले. त्यांचे मित्र रत्नेश यादव हेही बिहारचे. आपल्याकडच्या खेड्यांत वीज कशी आणावी, याचा दोघांनी ध्यास घेतला. आधी त्यांनी सूर्यप्रकाशापासून वीज करण्याचे एक नवे साधन तपासले. मग मोगली एरंडाच्या तेलाचा विचार केला. ते काही जमेना. शेवटी त्यांचे लक्ष भाताच्या गिरणीबाहेरच्या ढिगाकडे गेले.

भात गिरणीत घातले की तांदूळ निघतो आणि तूस उरते. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस. गुरांना ते धड खाता येत नाही, गिरणीवाल्याला तर ती अडचणच. पण बंद भट्टीत बेताची हवा देऊन हे तूस जाळले, तर त्यातून जळण्याजोगा वायू निघतो. तो वायू गाळून घ्यायचा आणि इंजिनाला द्यायचा. इंजिन फिरले की त्याला जोडलेले यंत्र वीज देते. ही विद्या जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालत. नवे होते ते गावाला परवडेल असे सारे बसवणे. तारा ओढायला त्यांनी बांबूचे खांब वापरले!

१५ ऑगस्ट २००७ रोजी तमकुहा गावात पहिले केंद्र सुरू झाले. गावाच्या नावातच तम आहे, म्हणजे अंधार. त्या गावात दिवे लागले.

त्याच सुमारास मनोज सिन्हा हे अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या डार्डन या शाळेत व्यापाराचे शिक्षण घेत होते. चार्ल्स रॅन्सलर हे त्यांचे सहाध्यायी. हे दोघे या कामात सामील झाले आणि तुसाच्या विजेची योजना त्यांनी स्पर्धेत मांडली. २००८ साली ती डार्डनच्या स्पर्धेत पहिली आली. त्याच वर्षी टेक्सास विद्यापीठाच्या समाजोपयोगी योजनांच्या स्पर्धेतही ती पहिली आली आणि ५०,००० डॉलर बक्षीस मिळाले. त्या वेळच्या दराने हे सुमारे २० लक्ष रुपये झाले.

कुणी म्हणेल, दिवे तर लागले होते, मग कागद कशाला? एका गावाचे काम घरच्या आणि ओळखीच्या पैशावर होते. शंभर गावांना परक्याचा पैसा लागतो, आणि परका माणूस हिशेब मागतो. तो हिशेब कसा असतो, ते आपण पाटीवर मांडून पाहू. खालचे पैशाचे आकडे आम्ही पाठासाठी कल्पनेने घेतले आहेत. तुसाचा आकडा मात्र खरा आहे. रोज ६ तास चालणाऱ्या अशा केंद्राला दिवसाला सुमारे ३०० किलो तूस लागत असे.

समजा, गावात ४०० घरांनी वीज घेतली. दर घराचे महिन्याला १०० रुपये. म्हणजे ४०,००० रुपये आले. आता खर्च. तूस १ रुपया किलो धरले, तर महिन्याचे ९,००० रुपये. चार माणसांचा पगार १६,००० रुपये. दुरुस्ती आणि तेलपाणी ५,००० रुपये. बेरीज ३०,०००. हाती उरले १०,०००. केंद्र उभारायला १२ लक्ष रुपये कर्ज काढले असेल, तर ते बिनव्याजी धरले तरी फिटायला १२० महिने, म्हणजे १० वर्षे लागतील.

येथे परीक्षक बोट ठेवतात. ‘तुसाला किंमत आहे हे गिरणीवाल्याला कळले आणि त्याने २ रुपये मागितले तर?’ मग तुसाचे १८,००० झाले आणि हाती उरले अवघे १,०००. त्याच कर्जाला आता १०० वर्षे लागतील! दुसरा प्रश्न. ‘१०० घरांनी पैसेच दिले नाहीत तर?’ तूस १ रुपया किलोच धरा. ३०,००० आले, ३०,००० गेले. हाती शून्य. वीज तीच, इंजिन तेच, दिवाही तेवढाच लख्ख. पण धंदा बुडाला.

म्हणून तूस कुठून आणि किती वर्षे त्याच भावात मिळणार, पैसे आधी घेणार की मागून, इंजिन बिघडले तर गावात कोण दुरुस्त करणार, याची उत्तरे योजनेत लागतात. तमकुहाच्या मंडळींनी जळून उरलेल्या काळ्या राखेचाही उपयोग शोधला. तिच्यापासून बाया उदबत्त्या करू लागल्या.

या कंपनीचे नाव हस्क पॉवर सिस्टिम्स. इंग्रजीत हस्क म्हणजे तूस. नाव राहिले, धंदा मात्र पालटला. लोकांना दिवसाही वीज हवी झाली, तेव्हा तिने सूर्यप्रकाशावर चालणारी तावदाने जोडली. २०१८ साली मोठ्या कंपन्यांनी तिच्यात २ कोटी डॉलर घातले. पुढे आफ्रिकेत नायजेरियातही तिने काम काढले.

सगळ्याच विजेत्यांचे असे होत नाही. काही योजना बक्षीस घेतात आणि कपाटात जातात. गोड बोलणाऱ्याला अशा स्पर्धेत चार गुण जास्त मिळतात, हा दोष आम्हांला खरा वाटतो. उलटही घडते. अमेरिकेतल्या एम. आय. टी. या विद्यापीठाच्या स्पर्धेत १९९८ साली डॅनियल लेविन आणि त्यांचे प्राध्यापक टॉम लेटन यांची योजना शेवटच्या फेरीत पोचली, पण पहिली आली नाही. इंटरनेटवरचा मजकूर लोकांपर्यंत लवकर पोचवण्याची ती योजना होती. त्याच वर्षी त्यांनी अकामाई ही कंपनी काढली, आणि ती जगातल्या नामांकित कंपन्यांत गणली जाऊ लागली.

पाटीवर सोडवा

१. वरच्या हिशेबात तूस १ रुपया किलो आहे, पण ५० घरांनी पैसे दिले नाहीत. महिन्याला किती उरतील? १२ लक्षांचे कर्ज किती वर्षांत फिटेल?

२. सर्व घरांनी पैसे दिले आणि उदबत्त्यांचे महिन्याला २,००० रुपये जास्त आले. आता किती महिने लागतील?

३. तुम्ही पापड करत असाल, हातगाडी लावत असाल किंवा दूध घालत असाल. गेल्या महिन्यात माल किती रुपयांचा घेतला, विक्री किती झाली आणि उधारी कुणाकडे राहिली, ते तीन ओळींत लिहा. मग आपल्या शेजाऱ्याला परीक्षक करून त्याच्यापुढे वाचा. त्याला हवे ते प्रश्न विचारू द्या.