पाण्यांतील पुष्पगुच्छ

फुलदाणींतील गुच्छ आपण नेहमींच पाहतों. परंतु फुलें सर्वस्वीं पाण्यांत बुडवूनही सुरेख गुच्छ करतां येतो. त्यास खर्च थोडा लागतो, आणि त्यापासून मिळणारा शास्त्राचा पाठ मात्र मोठा आहे.

याकरितां रुंद तोंडाचा काचेचा गोल, त्याच्या तोंडाहून मोठी खोलगट बशी, दोरा, एक जड गोटा आणि गोल पूर्ण बुडेल असें घंगाळ एवढें साहित्य पुरे. शेवंती किंवा अर्धवट उमललेला गुलाब घ्यावा. जाईजुईसारखीं नाजूक फुलें लवकर काळवंडतात. पाणी गोडें व नितळ असावें. आपल्या जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या पाण्यासारखें खारें पाणी पाकळ्यांतील रस ओढून घेतें व फूल मलूल होतें. पाणी उकळून निववून घेतल्यास त्यांत विरघळलेली हवा कमी होते आणि पाकळ्यांवर बुडबुडे फारसे धरत नाहींत.

फुलें तरंगतात, म्हणून देंठ गोट्यास बांधावे. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत बशी ठेवून तिच्यावर गुच्छ उभा करावा व हलकेच हलवून पाकळ्यांत अडकलेली हवा घालवावी. मग गोल आडवा बुडवून आंतील सर्व हवा जाऊं द्यावी आणि पाण्यांतच तो गुच्छावर पालथा घालावा. शेवटीं बशी व गोल हीं दोन्ही एकदमच वर उचलावीं. बशींत थोडें पाणी राहूं द्यावें, म्हणजे गोलाचें तोंड त्यांत बुडालेलें राहील.

पालथ्या गोलांतील पाणी सांडत कां नाहीं? बशींतील पाण्यावर बाहेरील हवेचा दाब असतो. तोच त्यास तोलून धरतो. समुद्रसपाटीस हा दाब सुमारें ३४ फूट उंचीचें पाणी पेलतो. बुलढाण्यासारख्या घाटावरील गांवीं तो किंचित् कमी असला, तरी वीतभर पाण्याची कथा ती काय!

आंतील फूल मोठें दिसतें, कारण पाण्यानें भरलेला गोल म्हणजे बहिर्गोल भिंगच होय. म्हणूनच हा गोल उन्हांत कदापि ठेवूं नये. सूर्याचे किरण गोलापलीकडे, जवळजवळ त्याच्या त्रिज्येइतक्या अंतरावर, एकवटतात. तेथें असलेला कागद किंवा कापूस पेट घेऊं शकतो. वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे शेतकऱ्यांच्या घरीं कापसाचे ढीग असतात. अशा वेळीं खिडकींत ठेवलेला शोभेचा गोल मोठ्या अनर्थास कारण होईल. यास्तव गोलाची जागा पालकांनीं स्वतः ठरवून द्यावी.

पाणी गढूळ दिसूं लागतांच फुलें कुजूं लागलीं असें समजावें व तें पाणी झाडांस घालावें. उन्हाळ्यांत विहिरी आटतात, तेव्हां हा छंद बंद ठेवावा; पावसाळा व हिवाळा हेच त्यास योग्य. जी वस्तु डोळ्यांस सुखविते, तिचें कारण शोधावें आणि तिच्यांतील धोकाही ओळखावा. असें करणाराच खरा विद्यार्थी होय.